आधी तेल पोचू दे

जगातली एकही मोटारशर्यत आजवर ड्रायव्हरने जिंकलेली नाही, असं ठामपणे मानणारा एकच माणूस पनवेलमध्ये आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. भाऊजींची सगळी नोकरी इंजिन ऑइलच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. शर्यतीच्या रविवारी आम्ही त्यांच्या खांदा कॉलनीतल्या घरी टीव्हीपुढे जमतो. शेवटी मी विचारायचं, "भाऊजी, कोण जिंकलं?" आणि त्यांनी सांगायचं, "तेल." एकदा सगळ्यांत पुढच्या गाडीतून धूर निघाला. आम्ही ड्रायव्हरसाठी हळहळलो, तर हे म्हणाले, "त्याला काय झालंय? उतरून पाणी पितोय. तेल जळलं बघ बिचारं!" तेल फार दाट असलं तर वेग खातं आणि फार पातळ असलं तर इंजिन खातं, हा त्यांचा सिद्धांत. माझ्या मुलीला आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी "फार पातळ" म्हणून नापास केलं होतं.

पळस्प्याला वडे खायला थांबलो, की वडा कागदावर दाबून डाग कसा पसरतो ते आधी बघणार. "हे तेल आता निवृत्त करा," असं त्यांनी एकदा वडेवाल्याला सुनावलं. तो म्हणाला, "काका, वडा खाताय की सर्व्हिसिंग करताय?" पण खरा छळ त्यांच्या गाडीत. शर्यतीच्या गाडीचं इंजिन थंड असताना सुरू करत नाहीत, आधी गरम तेल आत फिरवतात, हे कळल्यापासून त्यांची साधी घरगुती गाडीही चावी फिरवल्यावर जागची हलत नाही. "आधी तेल पोचू दे!" बँक, टेलर, भाजी अशी कामं क्रमाने लावून निघालेली मी आत तडफडत असते आणि ताई मागच्या सीटवर शांतपणे मटार सोलत असते.

गेल्या वर्षी ताई जिन्यात पडली, घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तरी ती पाऊल टेकवेना. चालली नाही तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी व्यायामाचं वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "उद्या चालेन गं," म्हणायची. भाऊजींनी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून, दोन बोटांत चोळून पारखून, तिच्या पायाशी बसायला लागले.

"अहो, मी काय गाडी आहे?"

"गाडी असतीस तर ढकलली असती. थंड इंजिन फिरवायचं नाही. आधी तेल पोचू दे."

घाई नाही, आग्रह नाही. मला वाटायचं, या माणसाच्या नादाने ताई जन्माची अंथरुणाला खिळणार.

मग एका सकाळी मी गेले, तर ताई टेबलाला धरून उभी. तिने हात सोडला. एक पाऊल, मग थांबली, मग पुढचं. स्वयंपाकघराची चौकट गाठून तिने तिथूनच मला दटावलं, "बघत काय उभी राहिलीस? दूध काढ फ्रिजमधून, चहा टाकते."

भाऊजी वाटी घेऊन खाली बसलेलेच होते. सवयीने मी विचारलं, "काय भाऊजी, कोण जिंकलं?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"ड्रायव्हर," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. बोटं तेलाची होती. चष्मा काही स्वच्छ झाला नाही, पण ते पुसतच राहिले.