आईंचा घुमणारा पट्टा

उलव्याच्या नव्या इमारतीत राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत लिफ्ट मध्येच बंद पडली. आत सासूबाई एकट्या होत्या. बाहेर काढलं तेव्हा त्या घामानं भिजल्या होत्या. त्यानंतर लिफ्टचं नाव काढलं तरी त्यांची छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही. हृदय ठणठणीत आहे, ही भीती आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण बाराव्या मजल्यावरून आई काही खाली उतरेनात.

मी तेव्हा एका छोट्या कंपनीत अंगावर घालायची उपकरणं डिझाइन करत होते. आमचा नवा पट्टा छातीभोवती बांधायचा. तो श्वासाची गती ओळखून ती आवाजातून ऐकवायचा. घाईच्या श्वासाला टिकटिक, संथ श्वासाला बासरी. त्या आवाजाच्या आधारानं माणसानं शांत व्हायला शिकावं, अशी कल्पना. एक नमुना मी घरी आणला.

आई परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या. बासरी वाजावी म्हणून इतका जोर लावला की टिकटिक थांबेचना.

"विहारात आम्हाला श्वासाकडे नुसतं बघायला सांगतात," त्या वैतागून म्हणाल्या. "तिथं कुणी बासरी वाजवून पास-नापास करत नाही गं."

मला हसू आलं, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. शेवटी मी बासरी काढूनच टाकली. आता घाईच्या श्वासाला पट्टा हलकेच घुमायचा, आणि श्वास संथ होत गेला की घुमणं विरून जायचं. मिळवण्यासारखं काही उरलंच नाही. हे मात्र आईंना जमलं. भाजी निवडतानासुद्धा त्या पट्टा घालू लागल्या.

कानात काही घालणं त्यांना सहन होत नसे, म्हणून मी पट्ट्यालाच छोटा स्पीकर बसवला होता. त्यामुळे घरभर ऐकू जायचं. त्यांच्या नणंदेशी फोनवर आई गोड आवाजात म्हणायच्या, "नाही हो ताई, मला कशाला राग येईल?" आणि पट्टा भुंग्यासारखा घुमत असायचा. माझा नवरा तोंडावर उशी दाबून हसायचा.

सासरे मात्र हसायचे नाहीत. गोदीतल्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला, मोजकं बोलणारा माणूस. एका दुपारी बाहेर लिफ्टचा अलार्म वाजला आणि स्वयंपाकघरात पट्टा घुमू लागला. बाबा पेपर ठेवून गॅलरीतून आत आले, आईंच्या शेजारी बसले आणि लसूण सोलू लागले. हळूहळू घुमणं थांबलं. तरी ते उठले नाहीत.

नंतर मी सहज विषय काढला, तर म्हणाले, "ती घाबरली की गप्प होते. मला वाटायचं, कामात आहे."

पुढच्या रविवारी बाबाच आईंना म्हणाले, "चल, खाली जाऊन येऊ." मीही बरोबर गेले. लिफ्टचं दार लागलं आणि पट्टा जोरात घुमायला लागला. आईंनी डोळे मिटून घेतले.

"संध्याकाळी बोंबील आणू का?" बाबांनी विचारलं.

"आणाल. साफ कोण करणार?"

"मी करीन."

"तुम्ही? मागच्या वेळी अर्धे फेकून दिले होते!"

"अर्धे कुठले? दोन-तीन असतील."

आईंनी डोळे उघडले ते भांडायलाच. तळमजला आला तेव्हा पट्ट्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. बाहेर पडल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि बाबांच्या दंडाला धरून गेटपर्यंत चालत गेल्या.

ऑफिसात मी स्पीकर कायम ठेवायचा हट्ट धरला. "आपली भीती दुसऱ्याला ऐकवावी असं कुणाला वाटेल?" सहकाऱ्यांनी विचारलं. बरीच वादावादी झाली. अखेर आवाज फक्त आपल्या कानात ठेवायचा की बाहेर सोडायचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं म्हणून पट्ट्याला एक बटण आलं.

आता आई विहारात एकट्याही जाऊ शकतात, पट्ट्याशिवाय. निघताना बाबा विचारतात, "मी येऊ का?"

"यायचं तर या," त्या म्हणतात, आणि बाबांना चपला सापडेपर्यंत दारात थांबतात.