आधी नळी

ठासणीच्या बंदुकीसाठी सुटी दारू मागितली की काउंटरवरचे काका गिऱ्हाइकापुढे हात पसरायचे. पैशांसाठी नव्हे, बंदुकीसाठी. "आधी नळी दाखवा."

उस्मानपुऱ्याजवळच्या त्या परवानाधारक दुकानात तुम्ही कधी गेला असाल, तर हा सोहळा पाहिला असेल. काका नळीत करंगळी घालून फिरवत, मग ती नाकाशी नेत. नळी जुनी, रुंद असली तर जाड दाण्याची दारू; नवी, अरुंद असली तर बारीक. "बारीक दाणा लई तापट," ते म्हणायचे, "म्हाताऱ्या नळीला सोसत नाय."

एकदा एक बागायतदार जीपमधून आले आणि मोबाईलवर बंदुकीचा फोटो दाखवू लागले. काकांनी चष्मा लावून तो निरखून पाहिला, छान आलाय म्हणाले आणि मोबाईल परत दिला. "फोटूत बोट घालता येत नाय, पाटील." पाटील मुकाट्याने बंदूक आणायला गेले. दुकानातली आम्ही सगळी गिऱ्हाइकं हसलो. मीही.

लासूर स्टेशनजवळ आमचा मका आहे. रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. बंदूक आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची; परवानाही त्यांचाच. बारीक दारूचा आवाज मोठा होतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून मी तसाच दुकानात गेलो. बंदूक नव्हती. आबा आजारी आहेत, नळी नवी आणि अरुंद आहे, असं धडधडीत खोटं बोललो. वर ऐकवलं, की मी कंपनीत रोज मापंच घेतो.

काका थोडे घुटमळले. मग म्हणाले, "शिकलेला माणूस हाय, खोटं कशाला बोलंल." आणि पुडा दिला.

नळी फाटली. आबांची डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दुकानाच्या मालकाने मला बोलावून विचारलं, तेव्हा काका शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "यांनी काही विचारलंच नाही." काकांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतील.

"व्हय मालक," ते म्हणाले, "इचारायचं राह्यलं." मग मला हळूच, "अंगठा शाबूत हाय ना आबांचा?"

मी मान हलवली. त्याच आठवड्यात काकांना कामावरून काढून टाकलं. ते कुठे गेले, मी शोधलं नाही. शोधायची लाज वाटली, असं म्हणतो. खरं तर ते सापडतील याची भीती वाटली.

परवा आबांना घेऊन त्याच दुकानात गेलो. आबांना दुसरी बंदूक हवी होती, जुनीच पण धड. एक पसंत पडली, तसं काउंटरवरच्या नव्या माणसाने तिची नळी न पाहताच विचारलं, "दारू कोणती देऊ?"

"नळी बघा आधी," माझ्या तोंडून निघालं.

"बघ," आबा त्याला म्हणाले, "माझ्या पोराला कळतं. तुमच्या त्या म्हाताऱ्याला नाय कळलं."

आणि त्यांनी तीन बोटांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी तो तसाच राहू दिला.