सुपातला समुद्र

कडुबा स्वस्थ बसणारा माणूस नव्हताच. दिवसभर शहागंजात धान्याच्या दुकानी पाखडणं-निवडणं, संध्याकाळी श्रीधर सरांच्या वाद्यवृंदात घुंगरू, करताल, खुळखुळे. बावीस वर्षं हेच. चहा पितानाही त्याची बोटं कपावर टकटक करायची.

यंदा सरांनी समुद्रावर रचना बांधली. सहा व्हायोलिनं, दोन बासऱ्या, आणि सुरुवातीला नुसती लाट. ती कडुबानं काढायची. त्यानं सुपात ज्वारी घेतली. खर्रर्र-थप! खर्रर्र-थप!

कीबोर्डवाला हिमांशू फिस्सकन हसला. "काका, समुद्र आहे का खळं? माझ्याकडं एका बटनात अख्खा समुद्र पडलाय."

सर चष्मा पुसत म्हणाले, "उद्यापर्यंत बघू, कडुबाराव. नाहीतर बटन."

घुंगरांचं बटन आलं होतं, करतालांचं आलं होतं, खुळखुळ्यांचंही आलं होतं. आता कडुबाकडं हे सूपच उरलं होतं.

पुंडलिकनगरला घरी येऊन त्यानं तांदूळ घेतले, तूरडाळ घेतली, साबुदाणासुद्धा. थप काही जाईना. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. मोबाइलवर लाटा ऐकल्या, उठला, बसला, परत उठला.

"अवो, किती पाखडताव?" त्याची बायको गीताबाई वैतागली. "साबुदाण्यात खडे हायत व्हय?"

"पाखडत नाय. समुद्र करायलोय."

"मंग उडवता कशाला? पाणी काय कोंडा हाय?"

तिनं सूप हिसकून घेतलं, ज्वारी ओतली आणि घोळायला लागली; खडे कडेला काढताना घोळतात तसं, तिरपं, गोल, सावकाश. दाणे सळ्ळऽऽ करत पसरले, जरा थबकले, मागं ओढले गेले.

कडुबा उभ्या उभ्या रिकामे हात फिरवायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो घोळतच होता. मालक खेकसले, "गिऱ्हाईक बी घोळता का आता?"

संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या तालमीच्या खोलीत सरांनी हात उचलला. हिमांशूचं बोट बटनावरच होतं. पहिली लाट आली. दुसरी आली. तिसरीला मनगटानं जुना झटका दिलाच. थप!

कडुबाचं तोंड एवढंसं झालं. "सर, चुकलं. सवय हाय हाताची. परत बी येईल, सांगता येत नाय."

"समुद्राला तरी कुठं सांगता येतं?" सर म्हणाले. "खडकावर आपटली समजू. हिमांशू, बोट काढ. कडुबाराव, पहिल्यापासून."

सहा व्हायोलिनं गज उचलून कडुबाच्या सुपाकडं बघत थांबली. त्याचा डावा पाय खाली टकटकतच होता.