आत्यानं पुसलेला डोंगर

शाळेच्या पुस्तकांत शोधांच्या गोष्टी फार नीटनेटक्या असतात. झाडावरून फळ पडतं, शास्त्रज्ञ वर बघतो, नियम तयार. एखाद्याला जायचं असतं एका देशाला, तो लागतो भलत्याच किनाऱ्याला, आणि त्याचाही पुतळा उभा राहतो. फळ पडायच्या आधी त्या घरात कोण कोणाशी भांडत होतं, हे मात्र कुणी लिहीत नाही. आमच्या घरातून एक शोध लागलाय, म्हणून मला ठाऊक आहे. तो माझ्या आत्यामुळे लागला, आणि तिनंच तो आधी पुसून टाकला होता.

आत्या समुद्राचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती. सर्वेक्षणाचं जहाज समुद्रावर सरळ रेषा मारत फिरतं, शेतात नांगर फिरावा तसं. जहाजाखालून आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढायची, अशी ती पद्धत. पण आवाजाला तळ कुठला आणि मासे कुठले हे कळत नाही. खालून माशांची झुंड गेली की पडद्यावर तळातून सुळका वर आल्यासारखा दिसतो. असे खोटे सुळके हुडकून पुसायचे, हे आत्याचं काम. नियम सोपा होता: सुळका शेजारच्या रेषेतही दिसला तर खडक, नाही दिसला तर मासे. कचेरीत तिला ‘खोडरबर’ म्हणायचे आणि ती ते नाव पदवीसारखं मिरवायची. “मी पुसलं म्हणजे ते नव्हतंच,” हे वाक्य आम्ही जेवतानासुद्धा ऐकलेलं आहे.

बाई ठेंगणी, चष्मा जाड, आवाज खणखणीत. सगळी नोकरी तिनं समुद्रावर काढली आणि मी सांगतेय त्या दिवसापर्यंत समुद्रात एकदाही गेली नव्हती, कारण नुसत्या धक्क्याला बांधलेल्या बोटीत पाय ठेवला तरी तिच्या पोटात ढवळायचं.

बाबा तिचा धाकटा भाऊ. ते मासेमारी करायचे. बोट तिघांच्या भागीत होती आणि सुकाणू बाबांकडे. त्यांचं जाळं तळ खरवडत जाणारं, त्यामुळे खाली सपाट चिखल असला तरच जमायचं. त्या वर्षी एकाच टापूत त्यांचं जाळं दोनदा फाटलं, आणि तिसऱ्यांदा तर जाळ्याचं पोटच गेलं. धक्क्यावर त्यांचं नाव पडलं ‘फाटके कप्तान’. जाळी विणणाऱ्या बायकासुद्धा त्यांना बघून सुया परजायला लागल्या.

शेवटी धाकट्या भागीदारानं तोंड उघडलं. “काका, राग मानू नका, पण आता तुमचा हात राहिला नाही. सुकाणू मी घेतो. तुम्ही किनाऱ्यावर मासे निवडा.” थोरल्या भागीदारानं खाली बघत मान हलवली, म्हणजे त्यालाही ते पटलं होतं.

बाबांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यायला नकोही होतं. सुकाणू गेलं असतं तर आमचे बाबा घरात नुसते बसलेले दिसले असते, आणि तसं बघायची माझी तयारी नव्हती.

बाबांचं म्हणणं होतं की त्या जागी बुडालेलं जहाज आहे. ते ठासून सांगायचे. दर वेळी जहाजातलं सामान वाढायचं. आधी कोळसा होता, मग तांबं आलं, पुढे पितळेची एक भलीमोठी घंटाही आली. सुट्टीच्या दिवशी दोन्ही भागीदार घरी जेवायला आले होते, तेव्हा घंटा पुन्हा निघाली आणि आत्यानं हातातला घास ताटात ठेवला.

“तिथे सपाट चिखल आहे. तो नकाशा माझ्या हाताखालून गेलाय.”

“ताई, तू समुद्र कधी बघितलायस?”

“तुझ्यापेक्षा जास्त. तू वरून बघतोस, मी खालून बघते.”

“मग माझी जाळी काय उंदरांनी कुरतडली?”

“चालवणाऱ्यानं फाडली असतील. असं कर, वजन बांधून दोर टाकून बघू. मी स्वतः येते. खाली चिखल निघाला तर सुकाणू यांच्या हातात दे आणि त्या जहाजाचं नाव पुन्हा काढू नकोस.”

“आणि गंज निघाला तर?”

“तर तुझ्या घंटेला मी माझ्या हातानं पॉलिश करीन.”

भागीदारांनी लगेच माना डोलावल्या. आई नणंदेला उलटून बोलणाऱ्यातली नव्हती, पण स्वयंपाकघरात तिनं भांडी अशी आपटली की आम्हाला सगळं कळलं. “तुझ्या आत्याला समजतंय का, ती कुणाचं काय पणाला लावतेय?” आत्याला समजत नव्हतं. आपण बरोबर आहोत, एवढंच तिला दिसत होतं.

मी तेव्हा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघायचे. रजा टाकून बोटीवर गेले, कारण आत्याला बादली धरायला कुणीतरी हवंच होतं. ती कचेरीच्या कपाटातून शिशाचं एक जुनं लांबट वजन घेऊन आली होती. त्याच्या बुडाला खळगा असतो. त्यात मऊ साबण भरायचा, मग तळाला जे असेल ते साबणाला चिकटून वर येतं. दोराला अंतरा-अंतरावर रंगीत चिंध्या बांधलेल्या, म्हणजे खोली कळते. आत्या बादलीत तोंड घालायची, बाहेर काढायची, हुकूम सोडायची आणि पुन्हा बादलीकडे वळायची.

पहिल्यांदा वजन टाकलं. दोर सरसर गेला, लाल चिंधीच्या पुढे, निळीच्याही पुढे. वर आला तेव्हा साबणावर राखाडी चिखलाचा गुळगुळीत थर होता.

“बघ,” आत्या म्हणाली. धाकटा भागीदार हात पुसत सुकाणूकडे सरकला.

“जागा ही नव्हे,” बाबा म्हणाले. किनाऱ्यावर गिरणीची चिमणी पाण्याच्या टाकीआड गेली, आणि दुसऱ्या बाजूला दीपस्तंभ टेकडीच्या खांद्याला टेकला, की त्यांची जागा, ही खूण त्यांनी तिसऱ्यांदा जाळं फाटलं तेव्हा धरून ठेवली होती. “चिमणी अजून बाहेर डोकावतेय. थांबा जरा.”

“चिमणीवरून समुद्र मोजतोय,” आत्या बादलीला म्हणाली.

बाबांनी बोट हळूहळू नेली. चिमणी टाकीआड गेली, दीपस्तंभ टेकडीला लागला, आणि त्यांनी इंजिन अगदी कमी केलं. थोरल्या भागीदारानं वजन सोडलं. लाल चिंधी पाण्यात गेली आणि दोर एकदम ढिला पडला.

“गुंतला असेल,” आत्या म्हणाली. “पुन्हा टाका.”

पुन्हा टाकला. तीच लाल चिंधी, तसाच ढिला दोर. वर ओढला तेव्हा आम्ही सगळे वाकलो. साबणावर चिखल नव्हता आणि गंजही नव्हता. साबण चेपला होता, त्यात काळ्या दगडाचे खरखरीत कण आणि पोवळ्याचे पांढरे तुकडे रुतले होते.

बाबांनी वजन फिरवून फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. “हे जहाज नाही,” ते म्हणाले.

“चिखलही नाही,” थोरला भागीदार म्हणाला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच बोलला.

आत्यानं एक कण नखानं काढून चष्म्याजवळ धरला. ओकायचं ती पार विसरून गेली होती. “एक सुळका होता,” ती हळूच म्हणाली. “एकाच रेषेत. शेजारच्या रेषेत काहीच नव्हतं.” जहाजाच्या रेषा एकमेकींपासून लांब होत्या आणि हा सुळका अरुंद. एका रेषेनं त्याला गाठलं, दुसरी बाजूनं निघून गेली. आत्याचा नियम म्हणाला, मासे.

तिला गप्प बसता आलं असतं. असेल एखादा धोंडा, म्हणून मोकळं होता आलं असतं. खोडरबराची अब्रू शाबूत राहिली असती, पण बाबांचं सुकाणू गेलं असतं, कारण जहाज काही निघालं नव्हतं आणि एका धोंड्यानं जाळी तीनदा फाटत नाहीत. तिनं कठडा पकडला, सरळ उभी राहिली आणि नेहमीच्याच खणखणीत आवाजात बोलली. “ऐका रे दोघे. खाली डोंगर आहे. मला तो दिसला होता आणि मी पुसला. जाळी यानं नाही, मी फाडली. याच्या सुकाणूला कुणी हात लावायचा नाही.” आणि माझ्या हातातली बादली ओढून घेतली.

मला दोघांचाही इतका अभिमान वाटला की रडूच आलं. बाबांनी सुकाणू फिरवलं. परतताना त्यांनी बोट अशी हळू आणली, लाटा अशा चुकवल्या, की आत्याला बादली लागली नाही.

कचेरीत त्याच नकाशाची नवी आवृत्ती छापायला निघाली होती. आत्यानं साबणासकट वजन साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

“हे पुसलं कुणी?” साहेबांनी विचारलं.

“मी. आणि नियमानं पुसलंय, म्हणजे नियमच चुकतोय. तेव्हा माझं बाकीचं पुसलेलंही पुन्हा काढा.”

साहेब भला माणूस. छपाई थांबली. जहाज गेलं, या वेळी रेषा जवळजवळ मारल्या, आणि चिखलातून सरळ वर आलेला डोंगर सापडला, माथा पोवळ्यांनी पांढराशुभ्र. पाणबुडे उतरले, शास्त्रज्ञ येऊन राहिले. वर्तमानपत्रात ‘सर्वेक्षण जहाजाचा मोठा शोध’ असं छापून आलं. आत्यानं ते वाचून, “छान, शुद्धलेखन तरी बरोबर आहे,” एवढंच म्हटलं.

पहिली खबर देणाऱ्यानं नाव सुचवायचं, अशी त्या कचेरीची रीत. त्यावरूनही बहीणभाऊ भांडले. बाबांनी एकच नाव धरून ठेवलं.

“अरे, ती टवाळी आहे,” आत्या म्हणाली.

“म्हणूनच. छाप.”

तिनं छापलं. धाकट्या भागीदारानं पुढे स्वतःची बोट घेतली. बाबा अजून आपल्या सुकाणूवर आहेत. त्या टापूत आला की धाकट्याला वायरलेसवर सगळ्या बोटींना सांगावं लागतं, “फाटके कप्तान डाव्या हाताला ठेवून चाललोय.” बाबा दर वेळी ऐकू आलं नाही म्हणतात आणि त्याला पुन्हा सांगायला लावतात.