हिमनदीची ओटी

"ताई, मेधा गेली," तिचे यजमान विनायकराव फोनवर एवढंच बोलले. मी इथे आखातात, अल बर्शातल्या घरी पोळ्या लाटत होते. "कुठे गेली?" असं विचारलंसुद्धा मी! करामातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी चहा ओतता ओतता ती कोसळली, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. फोनवर मागून कुणीतरी "खलास, खलास" म्हणत होतं. त्या शब्दाचा मला अजून संताप येतो. इथे गॅस सिलिंडर संपला तरी खलास, माणूस संपलं तरी खलास.

मेधा माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. आगाऊ, हट्टी आणि रीतभातीत माझ्या सासूबाईंच्याही वरताण. गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत नवरे-मुलं घरी टाकून आम्ही दोघी जॉर्जियाला गेलो. गाइडबरोबर डोंगर चढून ग्लेशियर अगदी हाताला लागेल इतक्या जवळून बघायचा, हे खूळ तिचंच. "वाळवंटात जन्म चाललाय, मॉलमधला बर्फ किती दिवस बघायचा?" चढताना माझा जीव मेटाकुटीला आला होता आणि ही मागून "यल्ला बाई, यल्ला!" करत ढकलत होती. वर पोचलो तर काय... धुळीने माखलेला काळपट ढीग. "शी! एसीच्या जाळीसारखी मळकी आहे गं ही," म्हणाली. मग हातमोजा काढून तिने बर्फावर हात ठेवला, मलाही ठेवायला लावला. आत कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

तो आवाज ऐकल्यावर तिने सॅकमधून काय काढावं? नारळ, तांदूळ आणि हिरवा खण! करामातून थेट तिथवर वाहून आणलेला!

"अगं, हे काय?"

"हिमनदी ना ही? मग नदीची ओटी नको भरायला? पण पदर कुठे गं हिचा?" आणि खरंच वाकून जागा शोधायला लागली.

गाइड धावतच आला. इथे काहीही ठेवायचं नाही, तांदळाचा दाणासुद्धा नाही. पोरगा भला होता. म्हणाला, मी लहान असताना आपण नाश्ता केला तिथपर्यंत बर्फ होता, दरवर्षी मागे सरतोय. मेधा म्हणाली, "म्हणजे आजारीच आहे बिचारी. हिची तर आधी भरायला हवी." नारळ शेवटी त्यानेच दगडावर फोडला, सगळ्या ग्रुपने खाल्ला. खण तिने माझ्या सॅकमध्ये कोंबला. "सांभाळ. पुढच्या ईदला येऊन गुपचूप भरू, इन्शाल्ला."

"तुझं इन्शाल्ला म्हणजे मेंटेनन्सवाल्याचं इन्शाल्ला, उद्या येतो म्हणून कधीच न येणाऱ्याचं," मी म्हटलं. किती हसलो होतो...

तिला पुण्याला न्यायचं ठरलं. सवाष्ण गेली, ओटी भरून पाठवायची असते. तो खण मी कपाटातून काढला, तांदूळ-नारळ घेतला आणि शवागारात गेले. शेवटचं म्हणून तिच्या हातावर हात ठेवला. त्या बर्फाइतकाच गार. मी पिशवी उघडली तसा तिथला माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "दीदी, पेटी में कुछ नहीं रख सकते. रूल है."

"कपडा भी नहीं?"

"कुछ भी नहीं, दीदी."

तसंही पांढऱ्या चादरीत ओटी घालणार तरी कशात? पदर कुठे गं तुझा, मेधा? मी तिथेच ओरडून रडले. लोक बघत होते, बघू देत. पेटी बंद झाली.

आता काही आठवडे झाले. हिमनदी तिकडे आटतेच आहे, मेधा तर नाहीच, आणि या सगळ्याला काही अर्थ आहे असं मला कुणी सांगू नये. खण पुन्हा माझ्या कपाटात आहे. परवा लेकीने विचारलं, "आई, whose is this?" ओटीसाठी काढलेला खण स्वतःला शिवायचा नसतो, टाकायचाही नसतो. मग करायचं काय त्याचं? असलं काही अडलं की मी मेधालाच फोन करून विचारायची.