मास्टर पाय दाखवायला जातात

मास्टरांची बायको पट्टी सोडायच्या आधी खिडकी उघडायची. तरी तो वास यायचाच. शी! ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला त्याचीच किळस यावी, ही काय गोष्ट झाली? पण येत होती. उजव्या अंगठ्याखालची जखम काळी पडत चालली होती, आणि मास्टर म्हणायचे, "जरा सुकल्यासारखी वाटते, नाही?"

"डोंबल सुकतेय!" ती म्हणायची.

मास्टर शिंपी होते. पायाने चालवायच्या मशीनवरच हयात गेली. मोटर बसवून घ्या म्हटलं की म्हणायचे, "मोटरला कापड कळत नाही, पायाला कळतं." आता शुगरने त्या पायाला काहीच कळेनासं झालं होतं. पाय गेला तर मास्टरांचं काय उरणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

मास्टरांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाला कपड्याची उलटी बाजू दाखवायची नाही. काखेत चुकलं, कॉलर फसली, तरी आतून जोड द्यायचा, कडक इस्त्री मारायची आणि म्हणायचं, "एकदम फर्स्ट क्लास बसलंय, साहेब." गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठी पडली की त्यांना जेवण जायचं नाही.

पहिल्यांदा पाय दाखवला तेव्हा डॉक्टरांनी तोंड फिरवलं होतं, आणि नर्सने खोलीत सुगंधी फवारा मारला होता. मास्टर शरमेने अर्धे झाले. तेव्हापासून दवाखान्यात जायच्या दिवशी घरात तमाशाच. पाय साबणाने घासायचा. धागे कापायच्या कातरीने जखमेची काळी कड कापून काढायची. शी, त्याच कातरीने! वर पावडर थापायची, शर्टाच्या पांढऱ्याशुभ्र कापडाची पट्टी बांधायची आणि टोकाला बारीक टाके घालायचे. जावई निघालेत सासुरवाडीला!

आणि तो डॉक्टर? नजर कॉम्प्युटरवर. "काय मास्टर, बरं आहे ना?"

"एकदम फर्स्ट क्लास, साहेब!"

"वा, पट्टी झकास बांधलीय. सोडायला नको. औषध तेच चालू ठेवा."

त्याला बघायचं नव्हतं आणि ह्यांना दाखवायचं नव्हतं. दोघांचं कसं गुळपीठ! तिने एकदा तोंड उघडलं, तर डॉक्टर म्हणाला, "पेशंटला बोलू द्या, बाई." मास्टरांनी टेबलाखालून तिचा हात दाबला. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचीही तिला पुढे शिसारी आली.

शेवटी एका दुपारी तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक दुकानात गेली आणि म्हणाली, "उठा."

"अगं, असा? निदान पाय तरी धुऊ दे!"

"काही धुवायचं नाही. आहे तस्सा दाखवायचा."

दवाखान्यात डॉक्टरने "बरं आहे ना?" म्हणायच्या आत तिने खाली बसून पट्टी ओढून काढली. वास खोलीभर झाला. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकला, त्याचा हात नाकाशी गेला. मग तो उठला आणि पायाशी उकिडवा बसला. चेहरा पांढराफटक.

"इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती कडाडली. "बरं आहे ना, असं विचारता! तुमच्या तोंडावर 'नाही' कोण म्हणणार? त्या दिवशी नाक मुरडलंत, तेव्हापासून हे तुमच्यासाठी पायाला पावडर लावतात!"

डॉक्टरच्या आधी बोलले ते मास्टर. हात जोडून म्हणाले, "माफ करा हं साहेब, तुम्हाला वास आला. हिने घाईत आणलं."

जखमेची आली नव्हती एवढी किळस तिला त्या वाक्याची आली.

मग डॉक्टरने खुर्ची ओढून मास्टरांसमोर घेतली आणि पहिल्यांदाच नीट समजावलं. विष वर चढतंय. घोट्यापासून पाय काढावा लागेल. उद्याच भरती व्हा, नाहीतर जिवावर बेतेल. पायावर बोट टेकवून कुठून कापणार तेही दाखवलं. "मास्टर, समजलं ना?"

"हो साहेब. एकदम समजलं."

बाहेर पायरीवर मास्टर चप्पल चढवायला वाकले. नव्या जाड पट्टीवर ती चढेना. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकत नाही याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "काय म्हणाले गं साहेब? उद्यापासून मशीनवर बसलं तर चालेल ना?"