मालनचं डोकं ठिकाणावर होतं

हिंदमाता मार्केटमधल्या साड्यांच्या दुकानात कामाला असताना गिऱ्हाइकाचा चेहरा बघूनच मालन ओळखायची, ही पैठण्या उलगडायला लावणार आणि कॉटन घेऊन जाणार. एकदा वरच्या फळीवरची साडी काढायला तिनं मान वर केली आणि सगळं दुकान गरकन फिरलं. भर गिऱ्हाइकांत ती स्टुलावरून खाली आली. लागलं फारसं नाही. पण पुढे कूस बदलली तरी पलंग फिरायचा आणि छातीत धडधडायचं. मग तर काही फिरायच्या आधीच, नुसता रस्ता ओलांडायचा म्हटलं तरी धडधड सुरू व्हायला लागली.

नाक्यावरच्या डॉक्टरनं "टेन्शन आहे" म्हणून गोळ्या दिल्या. त्यांनी नुसती झोप यायची, पाय आणखीच लटपटायचे. नवरा, विकास, म्हणायचा, "तुका काय्येक झालेला नाय गो. मनाचे खेळ सगळे." काम सुटलं. डोक्यावर परिणाम झालाय, असं चाळीत बोललं जाऊ लागलं.

मुलीचं, श्रेयाचं, लग्न ठरलं. तीच म्हणाली, "आई, तू मागेच बस. स्टेजवर पडलीस तर सासरचे काय म्हणतील?" कन्यादानाला विकासशेजारी पाटावर त्याची वहिनी बसली. मालननं ते मागच्या खुर्चीवरून पाहिलं.

पुढे कित्येक वर्षांनी कानात दडे बसले म्हणून ती परळच्या एका दवाखान्यात गेली. चकरेचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी तिला झटकन आडवं केलं, मान वळवली आणि डोळे निरखले.

"हा कानाचा आजार. आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात, ते जागचे हललेत. मेंदूत तोल आणि भीती यांच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात. तोल बिघडला की भीती जागी होते."

बाईंनी तिची मान धरून तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं. मालन उठून बसली. काही फिरलं नाही.

"आणि ही धडधड?"

"तिला वेळ लागेल. रोज कुणाला तरी सोबत घेऊन रस्ता ओलांडायचा."

"तेव्हाच आले असते तर?"

"तर भीती बहुतेक इतकी मुरली नसती."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. विकास चपला घालत म्हणाला, "म्हणजे निसतो कानच होतो. बरी झालंस ना आता? मगे सोबत कित्याक?"

तो गेला. मालन एकटीच गेटपर्यंत गेली. समोरून गाड्या जात राहिल्या. थोडा वेळ थांबून ती माघारी फिरली.